खेळात बढती, प्रुफात चुका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हायरल तापानंतरच्या विसराळूपणावर मेंदूचे खेळ खेळा, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी २८ वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची मुद्रितं तपासते. जानेवारी २०२२ मध्ये मला कोविड झाला. ताप चार दिवसांत गेला, डोकं मात्र ताळ्यावर यायला तीन वर्षं लागली. म्हणून हे पत्र.

मंडईत मेथीची जुडी हातात धरून उभी होते आणि तिला काय म्हणतात तेच आठवेना. मावशी म्हणाल्या, "ताई, घ्यायची का नुसती बघायची?" दूध उतू जाणं तर रोजचंच. पण खरी धास्ती कामाची होती. एका प्रुफात 'दीनदुबळे'चं 'दिनदुबळे' झालेलं माझ्या डोळ्यांखालून सरळ निघून गेलं. परिच्छेद चारदा वाचायचा आणि चौथ्यांदाही तो नवाच वाटायचा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर आजाराची जी व्याख्या केली, तिच्यात थकवा आणि धाप यांच्या बरोबरीने विचार-स्मरणातला हा अडथळाही आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर घरच्यांनी 'वय झालं' असं निदान करून टाकलं होतं. मी तेव्हा ५१ वर्षांची होते!

मुलाने फोनवर एक ॲप घालून दिलं, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. पडद्यावर क्षणभर दोन चित्रं चमकतात, कोणतं कुठे दिसलं ते सांगायचं. दीड महिन्यात मी चौथ्या पायरीवरून एकोणिसाव्या पायरीवर गेले, ॲपने टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात प्रकाशकांचा फोन आला, "ताई, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक आतल्या पानांशी जुळत नाहीत. बरं आहे ना सगळं?" थोडक्यात, खेळून मी खेळात हुशार झाले. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २०१० साली आलेल्या प्रयोगात ११,४३० जण सहा आठवडे असेच खेळले. ज्याचा सराव केला त्यात ते सुधारले, बाकीच्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही.

लेखात ज्या अमेरिकी अभ्यासाचा दाखला आहे तो खोटा नाही. पडद्यावरचं झटपट टिपण्याच्या वेगाच्या सरावानंतर दहा वर्षांनी स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं होतं. पण त्यातली २,८३२ माणसं पासष्टीपुढची, स्वतंत्र राहणारी होती. तापातून उठून डोकं धरून बसलेली नव्हती.

आमच्यासारख्या कोविडोत्तर रुग्णांवरचा प्रयोग 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, त्याचा मात्र लेखात उल्लेखही नाही. अमेरिकेत २२ ठिकाणी ३२८ रुग्ण, दहा आठवडे. एका गटाला संगणकावरची साधी कोडी आणि खेळ. बाकीच्यांना खास मेंदू-सराव. त्यांतही कुणाला जोडीला प्रशिक्षकाचं मार्गदर्शन, कुणाला डोक्याला सौम्य वीजप्रवाह, तर कुणाला प्रवाहाचा नुसता देखावा. कोणताही गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. आणि थोडंफार बरं सगळ्याच गटांना वाटलं, साधी कोडी सोडवणाऱ्यांनासुद्धा!

आता आपल्या लेखातले 'मला फरक पडला' म्हणणारे दोन वाचक घ्या. फरक मलाही पडला. पण ॲप सोडल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. मधल्या काळात झोप सुधारली, आणि महिनेही गेले. श्रेय कुणाला द्यायचं? त्या वेळी ॲप चालू असतं तर मीही त्यालाच दिलं असतं.

खेळाने माझं नुकसानही केलं. पायरी घसरू नये म्हणून चाळीस मिनिटं हट्टाने खेळायचे आणि दुसरा दिवस अंथरुणात काढायचे. आता वीस मिनिटांचा गजर लावून प्रुफं वाचते, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठते. दुसरं वाचन भाची मोठ्याने करते, मी मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकते. छापखान्यातली ही जुनी रीत आम्ही उगाच मोडीत काढली होती.

कोडी सोडवायला माझी हरकत नाही. आपलं शब्दकोडं मी रोज सोडवते, अंकाच्या किमतीत मिळतं. फक्त वार्षिक वर्गणी भरायला सांगणाऱ्या लेखाशेजारी त्या ३२८ जणांचंही छापा. आणि आधी रक्त तपासून घ्या, ही ओळसुद्धा.

आपली,
एक मुद्रितशोधक,
नारायण पेठ, पुणे

ता. क. : त्या लेखात 'स्मृतीभ्रंश' असं तीनदा छापलं आहे. समासात 'ति' ऱ्हस्व हवी. तिन्ही ठिकाणं मला पहिल्याच वाचनात दिसली.