माजी इस्लामवाद्यांचा शब्द कोणापुढे चालतो? : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कट्टरतावादविरोधी कामात माजी इस्लामवादी कार्यकर्त्यांचा सहभाग.

महोदय,

इंटरनेटवरील प्रचाराकडे ओढल्या गेलेल्या मुस्लिम तरुणांना कुटुंबीय आणि उलेमांच्या मदतीने परत आणण्याचे काम राज्याचे दहशतवादविरोधी पथक करीत आले आहे. अटकेच्या आधी समजावणी, हे धोरण मला योग्य वाटते. पूर्वी अशाच विचारांच्या संघटनेत असलेली आणि आता त्यांविरुद्ध बोलणारी माणसे या कामाला जोडावीत, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. ती टाकाऊ नाही. पण अशा माणसाच्या शब्दाला नेमके कोणापुढे वजन आहे, हे पाहिल्याखेरीज ती स्वीकारू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. जुलै २००५ मध्ये लंडनमधील आत्मघाती हल्ल्यांत ५२ जणांचा बळी गेल्यावर तेथील सरकार मुस्लिम समाजातून बोलणारा विश्वासू आवाज शोधत होते. खिलाफत, म्हणजे खलिफाचे इस्लामी राज्य, आणू पाहणाऱ्या हिज्ब उत-तहरीर या संघटनेतून बाहेर पडलेले एड हुसेन आणि माजिद नवाझ यांनी २००८ मध्ये क्विलियम ही कट्टरतावादविरोधी संस्था काढली, तेव्हा तो आवाज सापडल्यासारखे सरकारला वाटले आणि सुरुवातीच्या काळात तिला सुमारे दहा लाख पौंडांचा सरकारी निधी मिळाला. नवाझ यांनी हिज्ब उत-तहरीरपायी इजिप्तच्या तुरुंगात चार वर्षे काढली होती, त्यामुळे त्यांचा अनुभव उसना नव्हता. परंतु ज्या संघटनेचा हा अनुभव होता ती ब्रिटनमध्ये सभा, पत्रके आणि विद्यापीठांतील वादविवाद यांच्या बळावर वाढली होती. (ब्रिटनने तिच्यावर जानेवारी २०२४ मध्ये बंदी घातली आणि भारताने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.) खिलाफतीचे राजकारण तरुणाला कसे भुरळ घालते हे असा माणूस अधिकाराने सांगू शकतो, बॉम्बपर्यंतची वाट मात्र त्याने चाललेली नसते. ‘माजी’ हे एकच बिरुद दोन्ही प्रकारच्या माणसांना लावले की हा फरक पुसला जातो.

खरी अडचण २०१० मध्ये उघड झाली. क्विलियमने गृहखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवलेले एक टिपण फुटले, आणि त्यात हिंसेपासून दूर असलेल्या मुस्लिम संस्थांबरोबरच स्कॉटलंड यार्डच्या मुस्लिम समाजाशी संपर्क ठेवणाऱ्या पथकावरही बोट ठेवलेले आढळले. ज्यांच्या मुलांशी बोलायचे त्यांच्याच मशिदींची आणि संस्थांची वर्गवारी सरकारला परस्पर कळवणाऱ्या माणसाकडे कोणता बाप आपला बिथरलेला मुलगा घेऊन जाईल? त्या टिपणात काही निरीक्षणे बरोबर असतीलही, पण समुपदेशक आणि खबऱ्या ही दोन कामे एका माणसाकडे देता येत नाहीत.

या मंडळींवर अन्यायही झाला, हे नोंदवले पाहिजे. अमेरिकेतील सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या द्वेषगटांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने नवाझ यांचे नाव मुस्लिमविरोधी अतिरेक्यांच्या यादीत घातले आणि २०१८ मध्ये जाहीर माफी मागून सुमारे ३४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. संघटना सोडणाऱ्याला सरसकट गद्दार किंवा विकला गेलेला म्हणणे हा आळशीपणा आहे. तरीही २०२१ मध्ये क्विलियम बंद पडेपर्यंत तिचा शब्द वृत्तवाहिन्यांवर आणि मंत्र्यांच्या दालनांत जितका चालला, तितका ब्रिटिश मुस्लिम वस्त्यांत चालला नाही.

याउलट इजिप्तचे उदाहरण पाहावे. तेथील अल-जिहाद या सशस्त्र संघटनेचे वैचारिक गुरू सय्यद इमाम, म्हणजेच डॉ. फज्ल, यांनी २००७ मध्ये तुरुंगातून जिहादच्या नावाने चाललेल्या हिंसेचा धर्मशास्त्राच्या आधारे प्रतिवाद केला. त्याच संघटनेतून पुढे आलेला अल-कायदाचा नेता अयमान अल-जवाहिरी याने तुरुंगातून आलेले लिखाण म्हणून त्याची टर उडवली, पण त्याला उत्तर देण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिणे त्याला भाग पडले, कारण डॉ. फज्ल यांची विद्वत्ता त्याच्याच अनुयायांनी मान्य केलेली होती. इंडोनेशियातील नासिर अब्बास यांचेही तसेच. जमा इस्लामिया या सशस्त्र जिहादी संघटनेचे ते वरिष्ठ नेते आणि प्रशिक्षक होते, म्हणून २००३ च्या अटकेनंतर ते पोलिसांच्या बाजूने तुरुंगात बोलू लागले तेव्हा कैद्यांना त्यांचे म्हणणे निदान ऐकून घ्यावे लागले.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या खात्याशी थेट निगडित आहे. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत अटक झालेल्या नऊ मुस्लिमांपैकी काहींना पोलिसांनी सिमी या बंदी घातलेल्या विद्यार्थी संघटनेचे म्हटले होते. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, पण तोवर त्यांची वर्षे तुरुंगात गेली होती. हे ठाऊक असलेल्या मोहल्ल्यात पोलिसांनी ‘हा पूर्वी अतिरेकी होता, आता सुधारला आहे’ म्हणून एखाद्याला उभे केले, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका पोलिसांविषयी येईल, त्या माणसाविषयी नंतर.

म्हणून माझी विनंती अशी की, ज्याचा खटला प्रलंबित आहे किंवा ज्याचा जामीन पोलिसांच्या अहवालावर अवलंबून आहे, अशा कोणालाही या कामात घेऊ नये, कारण तो मोकळेपणाने बोलूच शकत नाही. इतरांचा पूर्वेतिहास न्यायालयाच्या कागदपत्रांवरून पडताळावा. कॅनडातील एका तरुणाने आपण सीरियात आयसिसचा जल्लाद होतो असे सांगितले, न्यू यॉर्क टाइम्सने त्यावर ध्वनिमालिका केली आणि २०२० मध्ये ती कहाणी विश्वासार्ह नसल्याचे वृत्तपत्राला कबूल करावे लागले. मानधन द्यायचे तर ते जाहीर करावे आणि काम एकेका तरुणाशी बोलण्यापुरते ठेवावे. कोणती संस्था संशयास्पद आहे, हे अशा माणसांना कदापि विचारू नये.

आणखी एक. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई कधीच इस्लामवादी नव्हते. कट्टरतेच्या वाटेला न जाता तिच्याशी झगडणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, आजही या राज्यात आहेत. ‘माजी’ माणसाला व्यासपीठ आणि निधी देताना त्यांना आपल्या खात्याच्या सल्लामसलतीत किती स्थान आहे, याची माहिती आपण जाहीर करावी.

आपला विश्वासू,
एक नागरिक, पुणे