रविवारी गाडी घेऊन येते आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर काकांचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात, म्हणून पत्र लिहिते आहे. रविवारी सकाळी मी पुण्याहून कोल्हापुरात पोहोचेन आणि तिथून आपण तिघे राधानगरीला काकांकडे जायचे आहे. काकांना मी तसे कळवलेही आहे. आधी तुम्हांला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण बाबा, तुमच्या तोंडून एकदा ‘नाही’ निघाले असते, तर मनात असूनही ते मागे घेणे तुम्हांला जड गेले असते.

हे धाडस डेव्हिड लिंच यांचा १९९९ सालचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा सिनेमा पाहून झाले. आयोवातल्या ७३ वर्षांच्या अल्विन स्ट्रेट यांनी १९९४ मध्ये खरोखर केलेला प्रवास त्यात आहे. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्या भावाला पक्षाघाताचा झटका आल्याचे कळते आणि नजर अधू असल्यामुळे मोटार चालवता न येणारे हे गृहस्थ गवत कापायच्या यंत्रावर बसून शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात निघतात. पहिले यंत्र वाटेत बंद पडते, तर परत येऊन दुसरे घेतात. सुमारे ३८५ किलोमीटर! आपली राधानगरी पन्नासेक किलोमीटरवर आहे, बाबा. भांडण नेमके कशावरून झाले, याचा पाढा सिनेमा वाचत नाही. विहिरीचा विषय मीही काढणार नाही आणि काकांनाही काढू देणार नाही.

सिनेमात डॉक्टर अल्विन यांना चालण्यासाठी वॉकर घ्यायला सांगतात, तेव्हा ते हट्टाने दुसरी काठी घेतात. तिथे मला तुम्हीच दिसलात. ती भूमिका करणारे रिचर्ड फार्न्सवर्थ त्या वेळी स्वतः कर्करोगाने आजारी होते, हे नंतर वाचले आणि त्यांचे ते सावकाश चालणे डोळ्यांसमोरून हलेना.

खासबागेत कुस्ती पाहताना मी अर्धा वेळ तुमच्या खांद्यावर असे आणि अर्धा वेळ काकांच्या. कोणाचा खांदा उंच, यावर तुम्ही दोघे माझ्याकडून निकाल मागत होतात आणि मी दर वेळी दोघांचीही नावे घेत होते.

पुढची जागा बाबांची. पाय लांब करता येतील अशी मागे सरकवून ठेवीन आणि दर अर्ध्या तासाने थांबू. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच घ्यायची, आणि काठी ‘विसरली’ हे मी ऐकून घेणार नाही. आई, तू पहाटेपासून स्वयंपाकाला लागू नकोस. काकांसाठी थोडे भडंग तेवढे कर, पण तिखट हात राखून घाल, त्यांना आता पथ्य आहे.

मी येणार म्हटल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, “दादाला जिना चढवू नकोस, त्याची खाट खालच्या खोलीत टाकायला सांगतो.”

तुमची,
लेक