कच्च्या घेवड्याच्या पावडरीने चरबी जात नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतंय की घेवड्याची पावडर कोमट पाण्यातून घ्या, तेलतुपाची चरबी अंगाला लागतच नाही. आम्ही कोरेगाव भागातले, आमच्या वाघ्या घेवड्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, त्यामुळे घेवड्याच्या नावावर असलं काही खपवलेलं बघून गप्प बसवत नाही.

कच्च्या घेवड्यातल्या ज्या घटकाच्या जोरावर हे सांगतात तो अमायलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे अन्न पचवणारा पदार्थ, अडवतो. अमायलेज पचवतं भात-भाकरीतला स्टार्च. तेलतूप पचवतं ते लायपेज हे वेगळंच एन्झाइम, त्याला हा घटक हात पण लावत नाही. याच घटकाच्या 'स्टार्च ब्लॉकर' गोळ्या अमेरिकेत विकत होते, त्या 1982 साली तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध खात्याने, बंद करायला लावल्या. बरं हा घटक उकळला की जातो, म्हणून मग पावडर कच्चीच घ्या म्हणतात, आणि खरा धोका तिथंच आहे. घेवडा राजम्याच्याच जातीचा, कच्च्यात लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन असतं, राजम्याचे चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचा, तेव्हा ते जातं. कोमट पाण्याने काय होणार?

चरबीच्या पचनावर घेवड्याचा परिणाम होतो, पण तो नीट शिजवून खाल्लेल्याचा. शिजलेला दाणा बोटात चिरडून बघा, पिठूळ लागतो, कारण आतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात पण त्यांच्या भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात, बारीक दळलं की त्या फुटतात. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं मग लायपेज ते पचवतं, आणि कडधान्यातला फायबर, म्हणजे मुख्यतः याच पेशींच्या भिंती, थोडं पित्त धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. हे रोजच्या खाण्यातनं हळूहळू होतं, एका चमच्याने नाही.

घेवड्यात स्वतःची चरबी 1-2 टक्केच, आमटीत ती येते फोडणीतनं आणि दाण्याच्या कुटातनं. शेंगदाणा पण शेंगवर्गातलाच, पण जवळजवळ निम्मा तेलाचा. अख्खे दाणे चावून खाल्ले तर न फुटलेल्या पेशींतलं काही तेल न पचताच बाहेर जातं, आणि तेच दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवले की ते मोकळं होऊन जवळजवळ सगळं पचतं. दाणे तेच, पण पोटात हिशोब वेगळा!

आरोग्याच्या पानावर कडधान्यांचे प्रोटीन-कॅलरीचे आकडे येतात तेव्हा अख्खं, भरडलेलं आणि पीठ यातला हा फरक पण छापा ही विनंती. आणि कच्च्या पावडरीचं तर आधी छापा, मोठ्या अक्षरात, कारण वजन कमी करायच्या नादात कॉलेजच्या पोरी सकाळी उपाशीपोटी हे घेतायत.

आपला,
एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा