मंत्रीसाहेब, खड्डा लवकर बुजवणं म्हणजे क्वालिटी नाही

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. हे पत्र डाव्या हाताने टाईप करतोय, उजवा प्लास्टरमध्ये आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

मंगळवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून सिडकोत घरी येताना कॉलनीच्या कोपऱ्यावरच गाडी चेंबरमध्ये गेली. रस्ता जुना नाही हो, मे महिन्यातला, नारळ तुम्हीच फोडलेला आणि माईकवर म्हणाला होतात की दहा वर्षं बघायला नको. बघायलाच नको झालंय! चेंबरचं झाकण चार बोटं खाली, गटाराचं तोंड रस्त्यापेक्षा वर, म्हणजे पाण्याने गटारात चढून जायचं. पहिल्या पावसात तळं, मग झाकण दिसतंय कुणाला. मनगट दोन ठिकाणी मोडलं, सहा आठवडे घरी, ओव्हरटाईम बुडाला, बायको रोज शर्टाची बटणं लावून देते आणि लावताना ऐकवते.

तक्रार केली तर म्हणे आता ॲपवर टाका, 48 तासात बुजवतो, प्रोसेस सुधारलीये. वा!

साहेब, मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं क्वालिटीला आहे. चालू लाईनवर रिजेक्शन आलं तर प्रॉब्लेम ठरवायचा, मोजायचं, कारण शोधायचं, सुधारायचं, सुधारलेलं टिकवायचं, याला डीएमएआयसी म्हणतात. पण ड्रॉइंगच चुकलं असेल तर लाईन कितीही सुधारा, चुकीचाच पार्ट फास्ट निघतो. म्हणून नवीन पार्टचं एफएमईए, म्हणजे कुठे फेल होईल याचा हिशोब, कागदावर असतानाच करतात, किती वेळा फेल होईल, झाला तर किती नुकसान, आधी कळेल का, प्रत्येकाला एक ते दहा मार्क. पीपीएपीवर, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या कागदांवर, कस्टमरची सही नाही तर प्रॉडक्शन नाही. मोटोरोलाने 1986 ला सिक्स सिग्मा ही चुका कमी करायची पद्धत आणली, टार्गेट दहा लाख संधींमागे 3.4 चुका. आमच्या गल्लीत बारा चेंबर, पाच खाली. दहा लाखाला किती होतात ते तुमच्या इंजिनिअरला काढू द्या.

आणि रस्ता झाला की पाईपवाले येणार, मग केबलवाले, आधीच त्यांच्यासाठी डक्ट, म्हणजे मोकळी नळी, टाकून ठेवायला कोण अडवतं? आमच्याकडे रिवर्कचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो म्हणून साहेब लोक डोक्यावर बसतात. तुमच्याकडे रिवर्कचं नवीन टेंडर निघतं. मग पहिल्यांदाच नीट करायची कुणाला पडलीये? 2027 च्या सिंहस्थासाठी आता सगळं शहर खोदलंय, तेही याच पद्धतीने करणार का?

मागणी एकच, काम सुरू व्हायच्या आधी रस्त्याचा ढाळ आणि चेंबरच्या लेव्हल बोर्डावर लावा, आम्ही मोजून घेऊ. टेप माझी.

त्या झाकणात सध्या शेजारच्या काकांनी बाभळीची फांदी खोचून ठेवलीये.

आपला,
एक नाशिककर