विहिरीकडचे दोन एकर

फैजपूर, 12 मे

चि. नितीन,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या ओमच्या आइस हॉकीसाठी विहिरीकडचे दोन एकर विकायचं काढलंस आणि मी नुसतं "बघू" म्हटलं, त्याचा तुला राग आला असेल. तुझी ताई समोर बसली होती, जमिनीचं तिच्यादेखत बोलायचं नव्हतं. म्हणून वहीत लिहितेय. शेजारचा पोरगा पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. मी वाचणार नाही म्हणालाय. वाचेल तो.

ओमने गेल्या दिवाळीत दिलेली, बॉलऐवजी खेळतात ती काळी चकती, पक, किराणा दुकानात नेऊन काट्यावर टाकली. 165 ग्रॅम भरली. दुकानदार म्हणतो, काकू, ही कसली वडी? सामन्याआधी ती गोठवतात म्हणजे बर्फावर टणाटण उसळत नाही, असं ओम सांगत होता. मग मीही फ्रीजरमध्ये ठेवून पाहिली, कैरीच्या फोडींशेजारी. बाहेर 44 अंश आणि घरात माझा हा उद्योग. दोन तासांनी हातात घेतली तर नुसता दगड. हा दगड अंगावर घ्यायला बारा वर्षांचं पोरगं हौसेनं गोलकीपर म्हणून जाळीसमोर उभं राहतं!

तू मला पगाराचे आकडे सांगितलेस, आता माझा हिशोब ऐक. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली ती मोठी आइस हॉकी लीग, तिचे संघ 32. सामन्याला प्रत्येक संघाचे गोलकीपर दोन. म्हणजे 64 जागा, त्यातही खेळणारा एकच, दुसरा बाकावर. दरवर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीच्या, सात फेऱ्यांत सगळे मिळून 224 खेळाडू निवडतात, त्यात कॅनडाचे आले, अमेरिकेचे आले, स्वीडन-फिनलंडचेही आले. आणि निवड झाली म्हणजे करार झाला असंही नाही, हे तूच सांगितलंस. त्या रॉबिन बावाचं कौतुक तुझ्याच तोंडून ऐकलं, 1989 मध्ये तिथं खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. नंतर ओमला विचारलं तर म्हणाला, आजी, चार टीम मिळून एकसष्ट मॅचेस. बाकीची वर्षं खालच्या लीगमध्ये. पहिलेपणा कुणी हिरावून घेत नाही, पण पोट त्या खालच्या लीगवरच भरायचं असतं.

मी घाबरवत नाहीये. केळीवाल्याच्या घरात हे नवीन आहे का? विहिरीकडच्या दोन एकरांत साडेतीन हजार खोडं. एका मे महिन्यात निसवलेली बाग अर्ध्या तासाच्या वादळानं आडवी केली, आठवतं? विम्याचे पैसे आले तोवर पुढची बाग कापणीला आली होती. तरी तुझ्या आप्पांनी पुन्हा केळीच लावली. तेव्हा बेभरवशाचं काम करू नको असं म्हणायला मला तोंड नाही.

आणि ओमला ते आवडतं. बाकीची पोरं पाऊण-एक मिनिट पळतात की बाकावर जाऊन दम खातात, हा मात्र साठ मिनिटं तिथंच. त्याला विचारलं, कंटाळत नाहीस का रे? तर मला जॅक प्लांट नावाच्या जुन्या गोलकीपरची गोष्ट सांगत बसला. 1959 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तोंडावर पक बसली, टाके पडले. तेव्हा गोलकीपर उघड्या तोंडानं खेळत. हा म्हणाला, मास्क लावू द्या, नाहीतर मी परत बर्फावर येत नाही. प्रशिक्षकाच्या मनात नव्हतं, पण दुसरा गोलकीपर आणणार कुठून? हा प्लांट फावल्या वेळात लोकरीचं विणकाम करायचा म्हणे. मला तो तिथंच आवडला.

दुसरी गोष्ट त्या डेव्हिड एअर्सची. वय 42, बर्फ सपाट करायचं यंत्र चालवणारा माणूस. 2020 च्या फेब्रुवारीत टोरांटोत पाहुण्या संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले, म्हणून ऐन वेळी ह्याला उतरवला आणि तो सामना जिंकून आला. ओमच्या डोळ्यांत ते सांगताना चमक होती. माझ्या मनात मात्र त्याची आईच राहिली. 2004 मध्ये तिनं त्याला आपली एक किडनी दिली होती. पुढे हा कधी असा खेळेल, हे तिला कुठं ठाऊक होतं?

आता मुद्द्याचं. बुधवारी तू कॅमेरा चालूच ठेवलास. ओम बाकावर बसून पायाच्या पॅडचे पट्टे आवळत होता, जीभ दातांत धरून. डावा पट्टा तीनदा सोडून तीनदा बांधला. मागून तुझा आवाज आला, "आटप, तासाचे पैसे भरलेत." पोरानं चौथ्यांदा सोडलेला पट्टा तसाच सैल ठेवला आणि उठलं.

तो आवाज तुझा नव्हता रे, आप्पांचा होता. तुझ्या इंजिनिअरिंगसाठी त्यांनी नाल्याकडचा एक एकर विकला, ते चांगलंच केलं. पण दर सुट्टीत तू ताटावर बसलास की तो एकर वाढला जायचा. तू पुढं पुढं मित्राकडे जेवून यायला लागलास. मी तेव्हा काही बोलले नाही, ती चूक माझी.

सातबाऱ्यावर तुझं नाव आहे. तुला विकायचं तर विक, मी सही देते, ताईला मी समजावते. ओमला मात्र कळू द्यायचं नाही. आता नाही, तो मोठा झाल्यावर नाही, सोळाव्या वर्षी त्यानं पॅड कोपऱ्यात फेकले त्या दिवशी तर मुळीच नाही. हे जमणार असेल तर डिसेंबरात खरेदीखताला ये. जमणार नसेल तर दोन एकर आहेत तिथं राहू दे. काहीही ठरलं तरी ये मात्र. बामणोदची वांगी निघालेली असतील, शेतात भरीत करू.

सूनबाईला सांग, ओमच्या डोक्याचं माप पाठव. टोपी विणायला घेते. मास्कच्या आत घालता येईल अशी हवी, म्हणजे लोकर बारीकच घ्यावी लागेल ना?

तुझी
आई