फोनवर बोलले ते मागे घेते

प्रिय बाय,

रविवारी फोनवर मी जे बोलले ना, की वकील म्हणून सरकारने आत टाकलेल्यांचे असले खटले घेऊन काय मिळतं, हरायचंच असतं तर लढायचं कशाला, ते दोन दिवस माझ्याच डोक्यातून जात नाहीय. तू फोन ठेवलास त्याचं वाईट नाही वाटलं, मी तसं बोलले त्याचं वाटलं. आता जेवणंखाणं आटोपून टाइप करत बसलेय, बाहेर पाऊस कोसळतोय आणि लाइट दोनदा जाऊन आली, तेव्हा काही पुढेमागे झालं तर समजून घे.

तू पाठवलेलं ते चीनच्या वकिलांचं सगळं वाचलं. तुला माहीतच आहे, म्हापशाला मी 21 वर्षं वकिलांकडे टायपिंग केलं, वकीलपत्र तर झोपेतही टाइप करीन. एक कागद, खाली पक्षकाराची सही, वर कोर्ट फीचं तिकीट, झालं. दिवसाला आठ-दहा निघायची, मला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. आणि तिथे त्या एका कागदासाठी माणसं वर्षानुवर्षं आत जातात.

9 जुलै 2015 पासून तिथे धरपकड सुरू झाली, 300 हून जास्त वकील, त्यांच्या ऑफिसातली माणसं, कार्यकर्ते, कुणाला चौकशीला नेलं, कुणाला कोंडलं. पहिल्याच रात्री वांग यू या वकीलबाईला घरातून उचललं, आणि त्याच रात्री तिचा नवरा 16 वर्षांच्या मुलाला ऑस्ट्रेलियाला शिकायला घेऊन निघाला होता तर त्या दोघांनाही एअरपोर्टवरच धरलं. पुढे तिला टीव्हीवर बसवून हवं ते वदवून घेतलं. मुलासाठी बोलले, असं तिने सुटल्यावर सांगितलं. बाय, मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी बोलले असते, तिने वर्षभर तोंड बंद ठेवलं.

पण मला जास्त लागलं ते त्या ली वेनझूचं, कारण ती वकील नाही, साधी बायको, लहान मुलाची आई. नवरा वांग चुआनझांग वकील, त्याला नेला तो तीन वर्षं जिवंत आहे की नाही तेही कळेना, घरच्यांनी नेमलेल्या वकिलांना भेटूच देत नव्हते. ती एप्रिल 2018 मध्ये नवऱ्याचा ठाव विचारायला बीजिंगहून तिआनजिनला पायी निघाली, 100 किलोमीटरची वाट, म्हणजे पणजीहून चालत निघालं तर कुडाळच्याही पुढे. नंतर तिने आणि तिच्यासारख्या आणखी तिघींनी डोक्याचे केस काढले, त्यांच्या भाषेत ‘केस नाहीत’ आणि ‘कायदा नाही’ हे उच्चाराला अगदी जवळजवळ म्हणे. आणि या वांग चुआनझांगचं वकीलपत्र ज्याने घेतलं होतं तो यू वेनशेंग, त्याला जानेवारी 2018 मध्ये मुलाला शाळेत सोडायला चाललेला असताना रस्त्यातून उचलला. वकिलाचा वकीलही आत. वांगला साडेचार वर्षं, यूला चार वर्षं, आणि यू सुटून आल्यावर 2023 मध्ये त्याला परत धरलं, या वेळी बायकोसकट.

हे वाचताना मला तुझे आजोबा आठवले. 1955 साली पत्रकं चिकटवताना पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, पकडलं, आग्वादच्या तुरुंगात ठेवलं, मग पणजीला लष्करी कोर्टात उभं केलं, सगळं पोर्तुगीजमध्ये, यांना अर्धंही कळेना. यांच्या बाजूने बोलायला त्यांचाच एक अधिकारी होता, तो उठला, एक वाक्य वाचलं आणि बसला. मार खाल्लेला ते कधी सांगायचे नाहीत, पण हे एक वाक्य मात्र मरेपर्यंत सांगत राहिले, आणि त्यांच्याकडे बघून कुणी बोललंच नाही हे.

त्याच पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राज्यात लिस्बनला मात्र काही वकील राजकीय कैद्यांची वकीलपत्रं घेत होते. त्यातला एक मारियो सुआरिश, स्वतः कितीदा तुरुंगात गेला, 1968 मध्ये त्याला साओ तोमे बेटावर हद्दपार केला. राजवट पडली आणि 31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत, गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं त्या करारावर त्यांच्याकडून सही सुआरिशची, आपल्याकडून यशवंतराव चव्हाणांची. आजोबा ते कात्रण देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, म्हणायचे, बघ, सही करणारा वकील होता हां. तेव्हा मी लहान, मला वाटायचं असेल, त्यात काय.

आणि हरण्याचं म्हणशील तर आणीबाणीत सासवडचे तारकुंडे, शांती भूषण वगैरे वकील विनाचौकशी डांबलेल्या कैद्यांसाठी सुप्रीम कोर्टात उभे राहिले आणि हरलेच, 28 एप्रिल 1976, चार विरुद्ध एक. तो निकाल चुकला होता हे त्याच कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. 41 वर्षं गेली. तेव्हा जे आत होते त्यातले किती ते ऐकायला होते देव जाणे, पण त्यांच्या बाजूने कोण काय बोललं ते कागदावर होतं म्हणूनच ते परत कुणाला तरी उघडता आलं.

म्हणून रविवारचं माझं बोलणं मी मागे घेते. भीती मागे घेत नाही, ती आहे, तू रात्री उशिरा मेसेज वाचत नाहीस तेव्हा असते, आणि बाबांनाही आहे, ते फक्त बोलत नाहीत, तुझं शहर आलं की बातम्यांचा आवाज वाढवतात.

एकच मागते. चीनमधले कित्येक वकील म्हणे स्वतःसाठीची वकीलपत्रं आधीच सह्या करून घरी ठेवतात, म्हणजे उद्या नेलं तर आपला वकील घरच्यांनीच द्यायचा, सरकारने नाही. तू पण कर. फॉरमॅट मी टाइप करते, माझ्याकडे अजून जुना आहे. तारीख मोकळी सोड, आणि ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा दोघांची नावं घाल, तुझ्या त्या मैत्रिणीचं चालेल, ती बोलते छान. चवथीला येशील तेव्हा गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायच्या आधी सही करून टाक, नंतर पाहुण्यांच्या गडबडीत राहून जाईल. कागद मी आजोबांच्या त्याच ड्रॉवरमध्ये ठेवीन.

तिकीट काढलंस का ते कळव.

तुझी,
आई