क्वार्टझसाइटच्या मंडळींचे आभार

घर विकून आम्ही दोघं आता आरव्हीतच, म्हणजे घरासारख्या राहायच्या मोठ्या गाडीत, राहतो. हिवाळ्यात मुक्काम अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटला. तिथल्या एका लहानशा चर्चमध्ये गावजेवण असतं, त्यात आम्हीही हात लावायचो. मी कांदे चिरायची, हे भांडी घासायचे. आमचा धर्म कुणी विचारला नाही.

डेथ व्हॅलीला निघायच्या सकाळी गाडीची स्लाइडआउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, आत येईना. मोटर नुसतीच घुरघुरायची. भिंत बाहेर ठेवून रस्त्याला लागता येत नाही आणि मेकॅनिक म्हणे पुढच्या आठवड्यात!

यांच्याबरोबर भांडी घासणारे आजोबा ड्रिल घेऊन आले. खडीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले, मोटरचा ब्रेक सोडवला, शाफ्टला सॉकेट लावून हळूहळू फिरवू लागले. दोन्ही टोकं सारखी सरकली नाहीत तर भिंत तिरकी होऊन अडकते, म्हणून आणखी दोघं बाहेरून रेटत होते. तासाभरात भिंत आत. पैशांचं विचारलं तर आजोबा हसले आणि दुरुस्त होईपर्यंत ती उघडू नका, एवढंच बजावलं.

निघताना स्वयंपाकघरातल्या बाईंनी बीन्सचा डबा हातात ठेवला. त्यांच्या बीन्समध्ये बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असतंच. आमच्यासाठी त्यांनी पहाटे उठून वेगळं पातेलं चढवलं होतं.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, तेव्हा येत्या हिवाळ्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन येते.